सिलिकॉनच्या हाताचं मॉडेल कंट्रोल लूपमध्ये कसं बसवायचं

हवेच्या दाबाने वाकणारा मऊ रोबोट-हात कसा हलेल ते गणिताने सांगणारं मॉडेल बनवायचंय, आणि ते कंट्रोल लूपमध्ये, म्हणजे हाताला दर क्षणी कमांड देणाऱ्या चक्रात, चालवायचंय. आधी कागदावर एक हिशोब करून बघा. इकोफ्लेक्स 00-30 (एक खूप मऊ सिलिकॉन) चा भरीव सिलिंडर, लांबी 20 सेमी, व्यास 2 सेमी, एका टोकाला धरून आडवा सोडलाय. कॉलेजात घोकलेला कँटिलिव्हरचा, म्हणजे एका टोकाला धरलेल्या दांड्याचा, फॉर्म्युला लावा, ई (मटेरियलचा ताठपणा) 70 किलोपास्कल धरा, उत्तर येतं की टोक 1.2 मीटर खाली जाईल. हात वीतभर आणि झोका सव्वा मीटरचा! म्हणजे छोट्या वाकण्याची गणितं इथे बाद.

मग बरेच जण पीसीसी (पीसवाइज कॉन्स्टंट कर्व्हेचर) घेतात, म्हणजे हाताचा एकेक तुकडा वर्तुळाचा चाप समजायचा. हलका हात, टोकाला वजन नाही, तर झकास चालतं आणि पळतंही भन्नाट, पण वजन अडकवलं की चाप चाप राहत नाही, आणि हात सरळ झाला की वाकण्याची दिशाच ठरत नाही, नेहमीची अँगलवाली मांडणी असेल तर शून्याने भागाकार होऊन कोड बसतं.

म्हणून मी कॉसेरा रॉड घेतो, म्हणजे वाकणारी, पिळणारी आणि ताणणारी बारीक दांडी समजून केलेलं मॉडेल. यात लांबी आणि वेळ दोन्हींचे डेरिव्हेटिव्ह येतात, तर वेळेचा आधी काटा काढायचा, बीडीएफ2 ने, म्हणजे आत्ताच्या आणि मागच्या दोन किमतींवरून वेग काढायच्या पद्धतीने. टाइम-स्टेप 10 मिलिसेकंद असेल तर वेग = 150 गुणिले आत्ताची किंमत, वजा 200 गुणिले मागची, अधिक 50 गुणिले त्याच्या मागची. आता उरली फक्त लांबीवरची ओडीई (साधं डिफरन्शियल समीकरण). बुडाशी 3 फोर्स आणि 3 मोमेंट (वळवणारे जोर) अंदाजाने धरायचे, आरके4 (रुंगे-कुट्टा, पायरीपायरीने समीकरण सोडवायची पद्धत) ने टोकापर्यंत जायचं, तिथे आतला फोर्स-मोमेंट बाहेरच्या लोडशी जुळतोय का बघायचं, नाही जुळला तर न्यूटनच्या पद्धतीने अंदाज सुधारायचा. सुरुवातीचा अंदाज म्हणून मागच्या स्टेपचं उत्तर द्या, बहुतेकदा दोन-तीन फेऱ्यांत काम होतं.

इथे माझे दोन दिवस गेले: आरके4 ला दोन नोड्सच्या (हातावरच्या हिशोबाच्या बिंदूंच्या) मधली किंमतही लागते आणि मी मागचा इतिहास फक्त नोड्सवर साठवला होता, हात आपोआप थरथरायचा आणि मी बिचाऱ्या सेन्सरला शिव्या घालत बसलो. मधल्या बिंदूंचा इतिहासही साठवा.

दुसरा खड्डा उलटा आहे. आपल्याला वाटतं स्टेप लहान केली की उत्तर सुधारेल. स्टेप 1 मिलिसेकंद केली की 150 चे 1500 होतात, या सिलिकॉनमध्ये ताणाची लाट सेकंदाला साधारण 8 मीटर जाते, म्हणजे बुडाशी केलेली चूक टोकाला पोचेपर्यंत 10 च्या 16व्या घाताइतकी फुगते, डबल प्रिसिजन (कॉम्प्युटरची साधारण 16 आकड्यांची अचूकता) संपलंच की. 10 मिलिसेकंदांवरच राहा, त्याहून जलद हवंच असेल तर हाताचे तुकडे करून मल्टिपल शूटिंग करा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला वेगळा अंदाज धरून सगळे जुळवा. आणि सोपं पडतं म्हणून बीडीएफ2 ऐवजी बॅकवर्ड ऑयलर (फक्त मागची एकच किंमत वापरणारी पद्धत) घेऊ नका, त्यात खोटं डॅम्पिंग (हलणं मारून टाकणारा विरोध) एवढं घुसतं की खरा हात अजून हलतोय आणि मॉडेल गप्प बसलंय असं होतं.

कॅलिब्रेशनला आधी हात दहा-बारा वेळा वाकवून घ्या, नवं सिलिकॉन पहिल्या काही ताणांत मऊ पडतं. मग आडवा धरून बाजूने फोटो काढा आणि आकार जुळेपर्यंत ई बदला, डॅम्पिंगला नंतर हात लावा, त्यासाठी टोक ओढून सोडायचं आणि हेलकावे किती वेळात मरतात ते मोजायचं. व्यास मात्र व्हर्नियरने नीट घ्या, 5 टक्के चुकलात तर कडकपणा साधारण 20 टक्के चुकतो.

लूपमध्ये टाकताना हिशोबाचा सरासरी वेळ बघू नका, सगळ्यात जास्त वेळ घेणारी स्टेप बघा. न्यूटनला 4 फेऱ्यांची मर्यादा घाला, तेवढ्यात नाही जुळलं तर कंट्रोलरला मागचीच कमांड धरून ठेवू द्या, आणि लागोपाठ तीनदा झालं तर हवा सोडा.