सात किलोत तीन आठवडे: फक्त केबिन बॅग घेऊन लांबच्या सुट्टीला निघताना

सामान भरायला बसलं की सगळे जागेकडे बघतात. चेन लागली की वाटतं, जमलं! मग काउंटरवरचा काटा साडेनऊ किलो दाखवतो. बऱ्याच विमान कंपन्यांचं केबिन बॅगचं माप ५५ × ४० × २० सेंटीमीटरच्या आसपास असतं, म्हणजे साधारण ४४ लिटर. एवढी जागा कपड्यांनी ठासून भरली तर नऊ-दहा किलो सहज होतात आणि वजनाची मर्यादा मात्र अनेक ठिकाणी ७ किंवा ८ किलोच असते. काही कंपन्या १० किलो चालवून घेतात, काहींचा वजनाला आक्षेप नसतो, फक्त माप बघतात. तयारी मात्र सात किलोची करावी. ती झाली की बहुतेक विमानं चालतात.

तिकीट काढण्याआधी कंपनीच्या नियमात चार गोष्टी शोधा. एक, तुमच्या तिकिटात केबिन बॅग आहे का. सर्वात स्वस्त तिकिटावर काही कंपन्या फक्त सीटखाली मावणारी छोटी बॅग देतात. दोन, माप चाकं आणि हँडल धरून मोजतात, त्यामुळे दुकानात ‘५५ सेंटीमीटर’ म्हणून विकलेली बॅग चाकांसकट ५८ भरू शकते. टेप लावून स्वतः मोजा. तीन, सात किलो एकट्या मोठ्या बॅगेचे की खांद्याची छोटी बॅग धरून एकूण? हा घोटाळा फार जणांचा होतो. चार, मधला टप्पा दुसऱ्याच कंपनीचं विमान करणार असेल तर त्यांचे नियम काय. सगळ्या टप्प्यांत जो नियम सर्वात कडक, तो आपला.

आता बॅग. चाकांची केबिन बॅग रिकामीच अडीच ते साडेतीन किलोची असते. सातातले तीन तिथेच गेले तर उरलेल्या चारात तीन आठवडे काढायचे कसे? ३५-४० लिटरची पाठीवरची सॅक एक ते दीड किलोत मिळते. पाठीचा किंवा खांद्याचा त्रास असेल तर चाकं हवीतच, पण मग मऊ कापडाची आणि दोन किलोच्या आतली शोधा. विमानतळावर बॅग घालून बघायला मापाची चौकट असते; कडक कवचाची बॅग तिच्यात अडकली की अडकली. मऊ बॅग दोन सेंटीमीटर दाबली जाते. सॅक घेताना ती सुटकेससारखी पूर्ण उघडणारी घ्या. वरून उघडणाऱ्या सॅकेत तळाची चड्डी काढायला रोज सगळं बाहेर काढावं लागतं.

स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि प्रत्येक वस्तू मोजून कागदावर लिहा. हे कंटाळवाणं आहे, पण एकदा केलं की जन्मभर पुरतं. सात किलोची वाटणी साधारण अशी बसते: बॅग १.२, कपडे २.६, चपला किंवा हलके बूट ०.४, प्रसाधनं ०.६, चार्जर-पॉवर बँक वगैरे १, औषधं आणि कागदपत्रं ०.४. बेरीज ६.२. उरलेले आठशे ग्रॅम मोकळे सोडा, कारण घरच्या काट्यात आणि विमानतळावरच्या काट्यात फरक पडतो, आणि येताना काहीतरी घेतलं जातंच. लॅपटॉप हवाच असेल तर त्याचा चार्जर धरून दीड किलो कुठून कापणार ते आत्ताच ठरवा. बहुतेक वेळा उत्तर ‘लॅपटॉप नको’ हेच निघतं.

कपड्यांचा सुट्टीच्या दिवसांशी संबंध नाही. संबंध आहे तो दोन धुण्यांमधल्या दिवसांशी. दर तीन-चार दिवसांनी धुवायचं ठरलं तर दहा दिवसांना आणि तीस दिवसांना तेवढेच कपडे लागतात. बॅगेत चार टी-शर्ट किंवा टॉप (प्रत्येकी साधारण १६० ग्रॅम, म्हणून ६४०), पटकन वाळणारी एक पँट (३३०), एक हाफ पँट किंवा हलका पायजमा (२००), पाच अंतर्वस्त्रं (३००), चार जोड मोजे (२००), पावसाचं पातळ जॅकेट (३००), झोपायचे कपडे (२५०), जरा बऱ्यापैकी दिसेल असा एक शर्ट (२००) आणि एक पातळ पंचा (१५०). झाले २५७० ग्रॅम. अंगावर सर्वात जड ते: बूट, जीन्स, पाचवा टी-शर्ट, वर फ्लीस (मऊ, उबदार, हलकं जॅकेट). एकटी जीन्सच ६०० ते ८०० ग्रॅमची असते, ती बॅगेत घालणं म्हणजे चार-पाच टी-शर्टांचं वजन देणं. जॅकेटच्या खिशात फोन, पॉवर बँक, पुस्तक जातं. अंगावरचं सहसा कोणी मोजत नाही, पण फुगलेल्या खिशांनी काउंटरवर उभं राहून लक्ष वेधून घेऊ नका.

प्रत्येक वरचा कपडा प्रत्येक खालच्या कपड्यावर चालला पाहिजे. खालचे गडद आणि साधे, वरचे एकमेकांच्या जवळच्या रंगांचे. एकाच पँटवर जाणारा सुंदर शर्ट घरीच राहू द्या.

कापडाबद्दल मतं पुष्कळ ऐकू येतात. सुती कपडा अंगाला बरा, पण पाणी धरून ठेवतो. दमट हवेत रात्रभर टांगूनही सकाळी शिवणी ओल्याच असतात. पॉलिएस्टर काही तासांत वाळतं, पण घामाचा वास त्यात मुरतो. मेरिनो लोकर तीन-चार दिवस घालूनही वास मारत नाही. महाग पडते आणि बॅगेचा पट्टा घासून खांद्यावर भोकं पडतात. सगळंच महागडं घ्यायची गरज नाही. पैसे घालायचेच तर अंतर्वस्त्रांवर आणि मोज्यांवर घाला, कारण धुणं सर्वात जास्त त्यांचंच होतं. थंडीच्या ठिकाणी एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा थर करा: आत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं दाबून बसणारं जॅकेट, वर पावसाचं. हेच पावसाचं जॅकेट वारा अडवतं, म्हणून ते दोनदा कामाला येतं.

आता धुणं. ही सगळी योजना इथेच तरते किंवा बुडते.

कपडे खोलीवर आल्या आल्या धुवा, झोपताना नाही. ते चार-पाच तास सकाळी कामाला येतात. एका ठिकाणी दोन रात्री असतील तर पहिल्याच रात्री धुवा, म्हणजे वाळायला दुसरी रात्र हाताशी राहते. बेसिनला बुच नसणं हे नेहमीचंच. कुठल्याही भोकावर बसणारी रबराची चपटी चकती पंधरा-वीस ग्रॅमची असते, ती ठेवा. नसेल तर मोजा गोळा करून भोकात घाला. कोमट पाण्यात लिक्विड साबण एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली. जास्त घातलं की फेस निघता निघत नाही, आणि आत राहिलेल्या साबणाने वाळलेला कपडा कडक आणि चिकट लागतो. दहा मिनिटं भिजू द्या, काखा आणि कॉलर तेवढी चोळा, दोन पाण्यांतून खळबळून काढा. लोकरीला गार पाणी आणि सौम्य साबण. डाग घालवणारी एन्झाइमवाली पावडर लोकर खाते.

पिळल्यानंतर जे बहुतेक जण करत नाहीत ते करा. खोलीतला कोरडा मोठा टॉवेल पलंगावर पसरा, ओला टी-शर्ट त्यावर सपाट अंथरा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघा टेकून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दाबत जा. मग गुंडाळीची दोन टोकं उलटसुलट पिळा. उलगडल्यावर टॉवेल चिंब झालेला असतो आणि ठिबकणारा टी-शर्ट नुसता दमट उरतो. लोकरीचा कपडा पिळू नका, फक्त दाबा, नाहीतर आकार जातो. वाळत घालताना बंद बाथरूम टाळा. पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत दोन कपड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून टांगा. पीळ दिलेली रबरी दोरी घेतली तर चिमटे लागत नाहीत, कापडाचं टोक पिळात खोचलं की झालं. वाळलं का हे छातीवर हात लावून बघू नका. कमरेची पट्टी, काखेची शिवण आणि मोज्याचा तळवा सर्वात शेवटी वाळतात. पातळ पॉलिएस्टर किंचित दमट असलं तर अंगावर वाळतं. दमट मोजे मात्र कधीच घालू नका, दुपारपर्यंत फोड येतात. ओलं तसंच घेऊन निघावं लागलं तर वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पोचल्याबरोबर पसरा.

आठवड्यातून एकदा मशीनच्या धुलाईला पैसे द्या. जीन्स आणि झोपायचे कपडे त्यातच जाऊ देत.

द्रव पदार्थांची १०० मिलीची अट २००६ पासून चालत आली आहे. ती बाटलीच्या मापावर आहे, आतल्या ऐवजावर नाही: २०० मिलीच्या बाटलीत तळाशी चमचाभर शांपू असला तरी ती काढून घेतात. सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या एकाच पिशवीत. टूथपेस्ट, जेल, क्रीम, स्प्रे हे सगळं द्रवातच धरतात. नवी स्कॅनर यंत्रं बसवलेल्या काही विमानतळांवर अट सैल झाली आहे, पण परतीच्या विमानतळावर तसं असेलच असं नाही. त्यापेक्षा द्रवच कमी करा. शांपूची वडी, साबण, काडीसारखं घट्ट (स्टिक) डिओडोरंट, तसंच सनस्क्रीन यांना ही अट सहसा लागत नाही. वडी ओली असताना डबीत कोंबली तर दोन दिवसांत लगदा होतो; भोकं असलेली डबी घ्या आणि निघायच्या सकाळी वडी वापरू नका. रेझर कार्ट्रिजचा चालतो, सुटं ब्लेड चालत नाही. कात्रीच्या पात्याची मर्यादा देशोदेशी वेगळी आहे, म्हणून नेलकटरवर भागवा. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला कंपनीची लागते, त्यापुढे नेता येत नाही. हिशोब सोपा: पॉवर बँकेवर छापलेला एमएएचचा (mAh) आकडा गुणिले ३.७ भागिले १०००. म्हणजे २०,००० एमएएचचे ७४ वॉट-अवर. आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. अलीकडे बऱ्याच कंपन्या ती वरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत किंवा विमानात वापरू देत नाहीत, हाताशी ठेवा. वजनाच्या दृष्टीने १०,००० पुरते. दोन-तीन चार्जरांऐवजी दोन पोर्टचा एकच, आणि जगभरचा जड अ‍ॅडॅप्टर न घेता ज्या देशात जायचं तिथल्या पिनेचा.

भरताना टी-शर्ट गुंडाळा, शर्ट घडी घालून सर्वात वर. जड वस्तू सॅकेत पाठीला लागून, चाकांच्या बॅगेत चाकांकडे. हवा काढणाऱ्या पिशव्यांपासून जरा सांभाळून: जागा वाचते, वजन एक ग्रॅमही कमी होत नाही, आणि मोकळी झालेली जागा तुम्ही भरणारच. पुढच्या खिशात काही कोंबू नका. मापाच्या चौकटीत बॅग अडकते ती बहुधा त्या फुगवट्यामुळेच.

विमान भरलेलं असेल तर गेटवर तुमची बॅग खाली ठेवायला मागतील. तेव्हा पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या बाहेर काढाव्याच लागतात, आणि औषधं, पासपोर्ट, चार्जर व एक जोड कपडेही आपल्याजवळ असावेत. यासाठी घडी होणारी पातळ पिशवी सर्वात वरच्या कप्प्यात ठेवा आणि या वस्तू आधीपासूनच तिच्यात भरलेल्या असू द्या. मागे रांग खोळंबलेली असताना जमिनीवर बसून तळ उपसावा लागत नाही.