सीपीयूला हवा की पाणी? आधी वॅट मोजा

नवा कॉम्प्युटर जोडायचा म्हटलं की बेळगावात पहिला सल्ला ठरलेला: "लिक्विडच घाला की ओ, टेन्शन नाही." प्रोसेसर (म्हणजेच सीपीयू) कुठला, काम काय, मशीन ठेवणार कुठे, हे काही विचारायच्या आधीच. लिक्विड कूलर, म्हणजे पाण्याने प्रोसेसर थंड ठेवणारा, वाईट नसतो. पण पाणी उष्णता संपवत नाही, प्रोसेसरपासून उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत, नेतं. पुढे ती खोलीतल्या हवेतच सोडावी लागते, आणि तेही पंख्यानेच. मे महिन्यात अथणीतली खोली ३६ अंशांवर असेल, तर लिक्विड असो की नुसत्या पंख्याचा एअर, कुठलाही कूलर त्याखाली उतरणार नाही. खानापूरच्या पावसाळ्यात पाइपला घाम सुटून बोर्ड भिजेल, ही भीतीही म्हणूनच फुकाची. खोलीपेक्षा थंड जे होतच नाही, त्यावर दव धरणार कसं?

प्रोसेसर ६५ वॅट गटातला असेल, म्हणजे कोअर आय५-१२४०० किंवा रायझन ५ ७६००, तर एक टॉवरवाला (धातूच्या पत्र्यांचा एकच उभा गठ्ठा असलेला) एअर कूलर घ्या आणि उरलेल्या पैशांत मोठा एसएसडी बसवा. तुमच्यापुरता विषय इथेच संपला.

त्यावरचा प्रोसेसर असेल तर वॅट काढा. मीही बराच काळ अडखळलो तो इथेच, कारण खोक्यावरचा आकडा कमाल आकडा नसतो. आय५-१२४००वर ६५ लिहिलेलं असतं, पण टर्बोला, म्हणजे वेग वाढवताना, तो ११७ वॅटपर्यंत जातो. आय७-१४७००केवर १२५, प्रत्यक्षात २५३. रायझन ९ ७९५०एक्सवर १७०, पण बोर्डावरच्या सॉकेटमधून ओढतो २३०. त्यात बरेच मदरबोर्ड मुळातच वॅटची मर्यादा सैल सोडून येतात. मशीन तापलं की शिव्या खातो कूलर, आणि बोर्ड नामानिराळा.

नुसतं तापमान बघूनही निकाल देऊ नका. रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत चढतात, ते तसेच बनवलेले आहेत. ९५ दिसले म्हणून धावत जाऊन रेडिएटर आणणारे मी पाहिलेत. रेडिएटर बसल्यावरही आकडा ९५च, कारण प्रोसेसर मिळालेली मोकळीक वेग वाढवायला वापरतो.

चाचणी अशी करा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ठेवा आणि सिनेबेंच या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या सॉफ्टवेअरची मल्टिकोअर चाचणी निदान १५ मिनिटं चालवा. तुमचं काम रेंडरिंगचं असेल तर सरळ स्वतःची फाइल लावा. बघायचं ते पॅकेज पॉवर (प्रोसेसर खातो ते वॅट), घड्याळाचा म्हणजे प्रोसेसरचा वेग आणि थ्रॉटलिंगची, म्हणजे तापल्यामुळे वेग कापल्याची, नोंद. पहिल्या दोन मिनिटांवर विश्वास ठेवू नका. पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे लिक्विड कूलर सुरुवातीला फार गुणी वाटतो. यूट्यूबवरच्या निम्म्या तुलना याच दोन मिनिटांवर उभ्या असतात.

शेजारी खोलीचं तापमानही लिहा. डिसेंबरात खोली २२ आणि प्रोसेसर ७२ असेल, तर फरक ५० अंशांचा. तोच फरक मेच्या ३६ अंशांवर चढवा, ८६ झाले. हिवाळ्यात पास झालेलं मशीन उन्हाळ्यात का रडतं, ते या बेरजेत कळतं.

आता बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा. इंटेल असेल तर पॉवर लिमिट १ आणि २ (कायमची आणि थोड्या वेळाची वॅटमर्यादा) दोन्ही १२५वर बांधा. एएमडी (रायझन) असेल तर कमी वॅटवर चालवणारा इको मोड लावा. पुन्हा चाचणी घ्या. वॅट निम्म्यावर आले तरी वेग निम्म्यावर येत नाही, त्या मानाने फारच थोडा घटतो. गेममध्ये तर बहुतेकदा कळतही नाही. शिवाय लाइट जाताच ६०० व्हीएचा यूपीएस मान टाकत असेल, तर तो त्रासही कमी होईल. हे करून काम भागलं तर नवा कूलर कशाला घेता?

इंटेलची १३वी-१४वी पिढी असेल तर मर्यादा बांधण्याआधी बायोस अपडेट करा. जादा व्होल्टेजच्या दोषासाठी कंपनीने २०२४मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कोडची दुरुस्ती) दिला आहे. तो दोष कुठल्याही कूलरने जात नाही.

माझा निकाल असा. मर्यादा बांधून प्रोसेसर १५० वॅटपर्यंत राहत असेल तर चांगला एअर कूलर, २००च्या आसपास दोन टॉवरवाला. तासन्‌तास २००च्या वर चालवायचंच असेल आणि वेग सोडवत नसेल, तर ३६०चा (म्हणजे ३६० मिलिमीटर रेडिएटरचा) लिक्विड घ्या, खुशाल घ्या. २४०चा मात्र सहसा जास्त पैसे मोजून दोन टॉवरइतकंच काम देतो. १२०चा घेऊच नका.

कॅबिनेटमध्ये कूलरची उंची बसते का आणि रॅम आड येते का, ते मापून घ्या.

धुळीचा हिशेब मात्र आपल्याकडे वेगळा. वडगाव-शहापूरला शेजारी माग चालत असेल, तर पंखा आणि रेडिएटरच्या मधे सुताची तूस बसून घोंगडीसारखा थर धरतो. बाहेरून काही दिसत नाही, पंखा उतरवल्यावरच कळतं. एअर कूलरचा पंखा दोन क्लिपांत निघतो, ब्रश मारला की झालं. रेडिएटरला स्क्रू, कॅबिनेटचं छत, सगळंच काढणं आलं. उद्यमबागेत कारखान्याच्या आतच मशीन ठेवणार असाल तर एअरच घ्या, वाद नको. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

बसवताना कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढा. लिक्विड असेल तर पंप सगळ्यात वर येता कामा नये, नाहीतर आतली हवा पंपातच अडकून गुरगुरते. पंख्याचं काय, बिघडला तर त्याच मापाचा कुठलाही चालतो. पंप गेला की बहुधा अख्खं युनिटच बदलावं लागतं. म्हणून लिक्विड घेताना दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या की वॉरंटीत कुरिअरने पाठवायचा खर्च कुणाचा. आणि परत येईपर्यंत मशीन चालायला हवं, तर प्रोसेसरच्या खोक्यात कूलर आला असेल तो माळ्यावर जपून ठेवा, सोबत त्याचे स्क्रू आणि प्रोसेसर-कूलरच्या मधे लावायची थोडी पेस्ट.