मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी मध्यम भाराची काडतुसे

भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे नागपुरातील नेमबाजाने घरी काडतुसे भरण्याचा विचार मनातही आणू नये. पुढील विवेचन, जिथे हा छंद कायदेशीर आहे अशा अमेरिकेसारख्या देशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे.

1935 साली आलेल्या .357 मॅग्नम या जोरदार काडतुसाची कमाल दाबमर्यादा सुमारे 35,000 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे, तर .38 स्पेशल या सौम्य काडतुसाची 17,000. सरावासाठी या दोहोंच्या मधला भार (काडतुसात भरायच्या बंदुकीच्या दारूचे प्रमाण) निवडावा, म्हणजे धक्का कमी बसतो, नेम स्थिर राहतो आणि शस्त्राची झीजही मंदावते. 158 ग्रेनची (सुमारे 10 ग्रॅमची) शिशाची गोळी सेकंदाला सुमारे 1,000 फूट वेगाने जाईल असा भार मला सर्वांत समंजस वाटतो.

मात्र दारूची निवड हाच खरा कळीचा प्रश्न आहे. पूर्ण भारासाठी बनलेली मंद जळणारी दारू मनाने कमी करू नये, कारण ती नीट न पेटल्यास गोळी नळीत अडकू शकते आणि मागून दुसरी झाडल्यास नळी फुटू शकते. जलद जळणाऱ्या दारूचा अल्प भार मोठ्या केसात (काडतुसाच्या धातूच्या कवचात) तळाशी पडून राहतो व चुकून दुप्पट भरला तरी लक्षात येत नाही. म्हणून केस बऱ्यापैकी भरणारी मध्यम गतीची दारू घ्यावी, तिचे प्रमाण उत्पादकाच्या प्रकाशित तक्त्यातूनच घ्यावे आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक केसात उजेडात डोकवावे. नागपुरी उन्हाळ्यासारख्या तापमानात दाब वाढू शकतो, त्यामुळे तयार काडतुसे उन्हातील गाडीत कधीही ठेवू नयेत.