स्टुडिओ पोर्ट्रेटसाठी मीडियम फॉरमॅट की फुल फ्रेम? असे ताडून बघा

लाखोंचा कॅमेरा जाहिरातीतले आकडे वाचून घेऊ नये. फुल फ्रेम म्हणजे साधारण ३६ × २४ मिमी सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा, मीडियम फॉरमॅटचा सेन्सर त्याहून मोठा. दोन्ही प्रकारचे कॅमेरे एक दिवस भाड्याने आणा आणि एकाच चेहऱ्यावर, एकाच लाइटमध्ये चालवा. उदाहरणादाखल फुजीफिल्म जीएफएक्स १००एस टू आणि सोनी ए७आर फाइव्ह ही जोडी घेऊ. पहिला मीडियम फॉरमॅट, १०२ मेगापिक्सेलचा; दुसरा फुल फ्रेम, ६१ चा. फुजीच्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे १.७ पट.

आधी लेन्स. फुजीवर ११० मिमी लावली की सोनीवरच्या ८५ मिमीइतकीच फ्रेम मिळते. ट्रायपॉड मात्र जागचा हलवू नका. नाक, गाल, कान यांचे प्रमाण कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरते, सेन्सरवर नाही.

मग अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान), आणि बहुतेकांची तुलना इथेच फसते. दोन्हीकडे एफ/८ ठेवले तर फुजीची पार्श्वभूमी जास्त मऊ दिसते आणि सगळे श्रेय ‘मीडियम फॉरमॅट लुक’ला जाते. सोनीवर एफ/८ असेल तर फुजीवर एफ/१० ठेवा; डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे किती भाग शार्प दिसतो ते, सारखी होईल. नुसता ब्लर हवा असेल, तर ८५ मिमी एफ/१.४ ही लेन्स फुजीच्या ११० मिमी एफ/२ पेक्षा थोडा जास्तच देते.

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दोन्हीकडे १०० ठेवा आणि एफ/१० ला कमी प्रकाश आत येतो म्हणून फुजीसाठी फ्लॅशची पॉवर दोन-तृतीयांश स्टॉपने वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मोठ्या सेन्सरचा खरा फायदा इथे आहे: स्टुडिओत प्रकाश हवा तेवढा वाढवता येतो, त्यामुळे हनुवटीखालची सावली आणि काळ्याभोर केसांतले बारकावे जास्त स्वच्छ उतरतात. शटर १/१२५ ठेवा, फुजीची फ्लॅश सिंकची (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरची) मर्यादा तेवढीच आहे. सोनी १/२५० पर्यंत जाते. फ्लॅश बंद करून एक फ्रेम काढा. ती पूर्ण काळी आली पाहिजे. नाही आली, तर खिडकीचा उजेड फोटोत मिसळतो आहे.

आता रंग जुळवण्यासाठी कलर चार्टची (ठरावीक रंगांच्या चौकटींच्या पट्टीची) एक फ्रेम, आणि मग समोरच्या माणसाला बोलते करा. हसताना, मान वळवताना दहा-दहा फ्रेम घ्या आणि किती फ्रेममध्ये पापण्यांचा केस न् केस शार्प आला ते मोजा. बारीक विणीचा ब्लेझर किंवा रेशमी साडीही घालायला लावा. लो-पास फिल्टर (बारीक नक्षी किंचित मऊ करणारा सेन्सरवरचा थर) दोन्हींत नाही, तेव्हा कापडावर मॉयरे, म्हणजे विणीवरच्या खोट्या लाटा, कुठे उमटतो ते दिसेल.

फाइल्स एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि सारख्या आकाराच्या करून बघा. १०० टक्के झूम करून तुलना करू नका. ८ × १० च्या प्रमाणात क्रॉप केल्यावर सोनीचे सुमारे ५० मेगापिक्सेल उरतात, फुजीचे सुमारे ९५.

शेवटी प्रिंट काढा, तीही तुमचे गिऱ्हाईक खरोखर घेते त्या मापाची. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सोनीची पूर्ण फाइल न ताणता ३१ × २१ इंच देते, फुजीची ३८ × २९ इंच. १२ × १८ च्या अल्बममध्ये फरक दिसेल असे मला वाटत नाही. तिथे तो पैसा लाइट्सवर घालावा. भिंतभर प्रिंट किंवा दागिन्यांच्या जाहिराती करत असाल, तर मीडियम फॉरमॅट जरूर घ्या. मात्र फुजीची १६ बिटची अनकॉम्प्रेस्ड रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, न दाबलेली नोंद) सुमारे २०० एमबीची असते, म्हणजे १०० फ्रेमचे २० जीबी. म्हणून भाड्याच्या दिवशीच त्या फाइल्स स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडून एका फोटोचे पूर्ण रिटचिंग करून बघा.