कार्नेटवर आलेलं चित्र आणि लाल टिकली

जून 2022 मधले रशियन कलेचे लिलाव लंडनच्या मोठ्या लिलावगृहांनी रद्द केले. त्यानंतर मॉस्कोतल्या एका लहानशा कलामहोत्सवाने मुंबईकडे मोर्चा वळवला. मी पुण्यात रशियन शिकलेली, म्हणून प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आलं. भाषा येते म्हणजे काम येतं, हा माझा गैरसमज आठ दिवस टिकला.

या क्षेत्रात नवीन असाल तर प्रेसनोट, निमंत्रणं, रील्स हे सगळं जमेल. मी अडकले ते एका शब्दात.

चित्रं एटीए कार्नेटवर आली होती. कार्नेट म्हणजे मालाचा तात्पुरता पासपोर्ट. प्रदर्शनापुरता माल आणायचा, आयात ड्युटी भरायची नाही आणि मुदतीत तो परत न्यायचा. कार्नेट जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. सोबतच्या यादीत प्रत्येक चित्राचा क्रमांक, वर्णन आणि किंमत असते. आले 34 तर गेले पाहिजेत 34. एक जरी इथे राहिलं तरी ड्युटीची वसुली मागे लागते. आणि मी ब्रोशरमध्ये ऐटीत छापलं होतं: ‘संग्राहकांसाठी खास संधी, चित्र आजच घरी न्या.’

माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटने ब्रोशर उलटून पाहिलं. "मॅडम, हे दाखवायला आणलंय की विकायला? कागद एक बोलतोय, तुम्ही दुसरंच." माझ्या पोटात गोळा आला. आयोजकांनी दिलेल्या पत्रात ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ असं होतं. ते खोटं नव्हतं, पण त्याच्या आडून विक्री करता येत नाही.

म्हणून सांगते: जाहिरातीचा पहिला शब्द लिहिण्याआधी माल कोणत्या कागदावर येतोय ते विचारा. डिझायनरला नाही, एजंटला. कार्नेट असेल तर ‘विक्री’ लिहूच नका. फार तर ‘रस असल्यास नोंदवा’ म्हणा. चित्र परत जाऊ द्या. खरेदी नंतर नेहमीच्या आयातीने, ड्युटी भरून. वेळ लागतो, संग्राहक चिडतात, पण थांबतात. घाबरू नका.

‘होऊन जाईल हो, कोण बघतंय’ म्हणणाऱ्या अनुभवी मंडळींचं मात्र ऐकू नका. मला असं सांगणारे गृहस्थ कस्टम्सच्या दारात एकदाही दिसले नाहीत.

उलट दिशेचंही लक्षात ठेवा. मॉस्कोच्या एका पाहुण्याने भारतातलं रोरिक यांचं एखादं चित्र विकत मिळेल का, असं विचारलं. निकोलस रोरिक जन्माने रशियन, 1947 मध्ये कुलूजवळच्या नग्गरला वारले. पण 1972 च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्याखाली त्यांची चित्रं भारताची कलासंपदा आहेत, खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. मी उत्साहात ‘बघते’ म्हणून बसले होते. दुसऱ्या दिवशी ओशाळून नाही म्हणावं लागलं.

ब्रोशरच्या चारशे प्रतींवर आम्ही रात्रभर पट्ट्या चिकटवल्या. पुण्याच्या एका डॉक्टरांनी बर्फातल्या भूर्जाच्या गुआशवर, म्हणजे अपारदर्शक जलरंगातल्या चित्रावर, ‘विकलं गेलं’ अशी खूण असलेली लाल टिकली लावून घेतली होती, तीही काढली. काचेवर गोंद राहिला, तो मीच नखाने खरवडला. सात महिन्यांनी ते चित्र त्यांच्याकडे आलं. तेव्हा त्यांनी मला फोटो पाठवला, आणि काचेच्या कोपऱ्यात तो डाग अजून दिसत होता.