कूपर्टिनोत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीतल्या कूपर्टिनोला आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, गावाचा मध्यभाग कुठे आहे? जुनी बाजारपेठ, स्टेशन, स्टेशनसमोरचा रस्ता असं इथे काही नाही. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६०,३८१ भरली, म्हणजे वस्ती एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, पण तसल्या गावाला असते ती पेठ याला नाही. फळबागांमधल्या एका चौरस्त्याभोवती हे शहर वाढलं आणि बागा विकल्या गेल्या तसतसं पसरत गेलं. घर शोधताना, मुलांची शाळा ठरवताना, पाण्याचं बिल कुणाकडे भरायचं हे विचारताना जो गोंधळ उडतो, त्याचं मूळ या वाढीत आहे. म्हणून आधी ती समजून घ्या.

स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्ड आणि डी अँझा बुलेव्हार्ड एकमेकांना छेदतात, तोच हा चौरस्ता. मार्च १७७६ मध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्सा या स्पॅनिश कप्तानाची तुकडी इथल्या ओढ्याकाठी आली. तिच्याबरोबरच्या पेद्रो फोंत या पाद्र्याने ओढ्याला कूपर्टिनोच्या संत जोसेफचं नाव दिलं. पुढे १८४४ साली सिएरा नेवाडा ओलांडून गाड्यांचा पहिला तांडा कॅलिफोर्नियात आणणारा एलिशा स्टीफन्स याच ओढ्याकाठी स्थायिक झाला आणि ओढा त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला, तेही स्पेलिंग चुकवून. जुनं नाव मात्र टिकलं. जॉन डॉयल या सॅन फ्रान्सिस्कोच्या वकिलाने ते आपल्या वाइनरीला दिलं होतं. १९०४ मध्ये चौरस्त्यावरच्या दुकानाने आणि पोस्टाने तेच उचललं. तोवर या वस्तीला नुसतं वेस्ट साइड म्हणत.

सुरुवातीला इथे द्राक्षमळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा ही मुळांची कीड आली, मळे गेले आणि त्यांच्या जागी प्रून, जर्दाळू आणि चेरीच्या बागा आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर बागांमध्ये घरं उठू लागली. सॅन होजे, सनीवेल आणि सँटा क्लारा ही शेजारची शहरं आजूबाजूची जमीन आपापल्या हद्दीत ओढू लागली, तेव्हा इथल्या लोकांनी २७ सप्टेंबर १९५५ ला मतदान करून आपलं वेगळं शहर करायचं ठरवलं. १० ऑक्टोबरला कूपर्टिनो हे सँटा क्लारा काउंटीतलं (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) तेरावं शहर झालं. साठच्या दशकात काही जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून औद्योगिक वसाहत उभी केली. तिचं व्हॅल्को हे नाव व्हेरियन असोसिएट्स ही कंपनी आणि लेस्टर, लिओनार्ड, क्राफ्ट, ऑर्लँडो या शेतकऱ्यांच्या आद्याक्षरांतून आलं. १९७६ मध्ये तिथे मॉल उघडला. पुढे तो ओस पडला, पाडला गेला, आणि त्या जागेवर काय बांधायचं यावर गाव वर्षानुवर्षं भांडलं. सिटी काउन्सिलच्या बैठकीत घरबांधणीचा विषय निघाला की लोकांचा आवाज का चढतो, ते यावरून कळेल. ॲपल १९७७ मध्ये इथे आली, १९९३ मध्ये इन्फिनिट लूपला गेली आणि २०१७ पासून एचपीच्या जुन्या आवारावर १७५ एकरांत उभ्या राहिलेल्या ॲपल पार्कमध्ये आहे.

हद्दीची ती ओढाताण तुमच्या पत्त्यात अजून शिल्लक आहे. ९५०१४ हा पिनकोड शहराच्या हद्दीबाहेरही जातो. पत्ता कूपर्टिनोचा पण घर सॅन होजेच्या हद्दीत, असं सर्रास घडतं. उलट पत्ता सॅन होजेचा आणि शाळा कूपर्टिनोच्या शालेय जिल्ह्याची, असंही असतं. पश्चिम सॅन होजेतलं लिनब्रुक हायस्कूल हे त्याचं ठळक उदाहरण. त्यामुळे जाहिरातीत कूपर्टिनो स्कूल्स असं लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका. शाळांचे दोन जिल्हे वेगवेगळे आहेत: आठवीपर्यंत कूपर्टिनो युनियन स्कूल डिस्ट्रिक्ट आणि नववी ते बारावी फ्रिमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट. दुसऱ्याचा फ्रिमाँट शहराशी काही संबंध नाही. दोन्हींच्या संकेतस्थळांवर घराचा क्रमांक आणि रस्ता टाकून शाळा शोधता येते. भाडेकरारावर सही करण्याआधी दोन्ही ठिकाणी तपासा. नेमून दिलेली शाळा त्या इयत्तेत भरलेली असेल तर मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवतात, म्हणून जिल्ह्याच्या कार्यालयात फोन करून जागेचंही विचारा. मुलांची संख्या घटल्यामुळे रेग्नार्ट आणि मेयरहोल्ट्झ या प्राथमिक शाळा २०२२ मध्ये बंद झाल्या, तेव्हा जुन्या ओळखीच्यांनी दिलेल्या याद्या जशाच्या तशा धरू नका. आणि फक्त गुणांकन पाहून घर घेऊ नका. मॉन्टा व्हिस्टा आणि लिनब्रुक या हायस्कूलांमध्ये अभ्यासाची चढाओढ खरोखर तीव्र आहे. दहावीत येऊन दाखल होणाऱ्या मुलाला तिचा ताण जड जातो. होमस्टेड आणि कूपर्टिनो हायस्कूल याही उत्तम शाळा आहेत.

प्रवेश बहुतेक वेळा अडतो तो लसींच्या कार्डावर. किंडरगार्टनसाठी (पहिलीच्या आधीचा वर्ग) पोलिओचे ४, डीटीपीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) ५, हिपॅटायटिस बीचे ३, एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) २ आणि कांजिण्यांच्या लसीचे २ डोस लागतात. वेळापत्रकानुसार पोलिओ आणि डीटीपीचा एखादा डोस कमीही चालतो, ते डॉक्टर बघतात. आपल्याकडच्या कार्डात तीन ठिकाणी गफलत होते. एक, भारतात नवव्या महिन्यात दिलेला एमएमआर इथे धरत नाहीत, कारण दोन्ही डोस पहिल्या वाढदिवसानंतरचे हवेत. दोन, सरकारी दवाखान्यात मिळणारी लस एमआर असते, तिच्यात गालगुंडाचा भाग नसतो. तीन, कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, आणि खासगीत घेतली असली तरी दुसरा डोस राहून गेलेला असतो. निघण्याआधीच बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्येक डोसची पूर्ण तारीख, लसीचं नाव आणि शिक्का असलेलं इंग्रजी पत्रक घ्या. नुसता महिना-वर्ष लिहिलेलं कार्ड परत येऊ शकतं. सातवीत जाणाऱ्याला टीडॅपचा, म्हणजे मोठ्या मुलांसाठीच्या डीटीपीचा, एक डोस जास्त लागतो.

या काउंटीत क्षयरोगाच्या जोखमीचा फॉर्मही डॉक्टरकडून भरून द्यावा लागतो. भारतात जन्मलेल्या मुलाची तपासणी होणारच. बीसीजी ही क्षयाची लस घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि पुढचे हेलपाटे. सुरुवातीलाच रक्ताची चाचणी मागून घ्या. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार आणि वीजबिल चालतं, तेव्हा वीजजोडणी पहिल्या दिवशीच स्वतःच्या नावावर करा. शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते. किंडरगार्टनला मूल १ सप्टेंबरपर्यंत ५ वर्षांचं पूर्ण हवं.

आता घर. पश्चिमेचा मॉन्टा व्हिस्टा हा विजेच्या रेल्वेमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी आखला गेलेला भाग आहे. तिथे रस्ते अरुंद आहेत आणि काही ठिकाणी फुटपाथच नाही. पूर्वेकडे रँचो रिंकोनाडात १९५० च्या दशकातली छोटी बैठी घरं आणि ती पाडून बांधलेली मोठी दुमजली घरं शेजारी शेजारी दिसतात. फेअरग्रोव्हमध्ये आयक्लर या बिल्डरने १९६० च्या सुमारास बांधलेली घरं आहेत, काचेच्या भिंतींची, सपाट छपरांची आणि फार देखणी. तिथे राहायला गेलात तर घरातल्या काँक्रीटच्या जमिनीत खिळा किंवा ड्रिल मारू नका. घर तापवणारे गरम पाण्याचे नळ त्या काँक्रीटमध्येच पुरलेले असतात. एक गळला की जमीन फोडावी लागते.

अपार्टमेंट बघताना शेगडीवरचा पंखा सुरू करा आणि हवा कुठे जाते ते बघा. बऱ्याच ठिकाणी ती जाळीतून गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडलेली असते. अशा घरात मोहरी तडतडली, मिरची पडली की स्मोक अलार्म वाजतो आणि वास पडद्यांत मुरतो. हवा बाहेर नेणारी नळी असेल तेच घर घ्या. पंखा चालू असताना कागदाचा तुकडा जाळीला चिकटतो का तेही पाहा. न चिकटल्यास जाळी तेलाने बुजलेली असू शकते. अनामत रक्कम १ जुलै २०२४ पासून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. अगदी छोट्या घरमालकालाच दोन महिन्यांची मुभा आहे. घर सोडल्यावर २१ दिवसांत हिशेबासह उरलेली रक्कम परत यायला हवी. आत शिरताना गालिच्यावरचे डाग, लाकडी जमिनीच्या पट्ट्यांवरचे ओरखडे, ओव्हनचा आतला भाग यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. क्रेडिटचा (कर्ज आणि कार्डाची बिलं फेडल्याचा) इतिहास नसेल तर ऑफर लेटर आणि बँकेतली शिल्लक दाखवा. बहुतेक ठिकाणी पगार भाड्याच्या अडीच ते तीन पट लागतो.

सेवा एका कार्यालयातून मिळत नाहीत. शहराचं स्वतःचं पोलीस दल नाही, ते काम करारावर काउंटी शेरीफ करतो. अग्निशमनही काउंटीचं, ग्रंथालयही काउंटीचं. टॉरी अव्हेन्यूवरच्या ग्रंथालयाचं कार्ड फुकट मिळतं, ते पहिल्या आठवड्यात करून घ्या. पाणी काही भागात सॅन होजे वॉटरचं, काही भागात कॅल वॉटरचं, मालकाला विचारा. विजेच्या बिलावर पीजी अँड ई आणि सिलिकॉन व्हॅली क्लीन एनर्जी अशी दोन नावं पाहून दुहेरी आकारणी झाली असं वाटतं. तसं नाही. क्लीन एनर्जी वीज विकत घेते, पीजी अँड ई ती तारांनी पोचवते. दुपारी ४ ते रात्री ९ दर सर्वात जास्त असतो, कपडे आणि भांड्यांची मशीन त्यानंतर लावा. भाजीचे देठ, केळीची सालं, उरलेलं अन्न हिरव्या डब्यात टाकायचं, प्लास्टिकची पिशवी त्यात जाऊ द्यायची नाही.

गाडीशिवाय निभतं, पण बेताने. कॅलट्रेन या उपनगरी रेल्वेचं स्टेशन शहरात नाही, सनीवेल किंवा माउंटन व्ह्यूला जावं लागतं. स्टीव्हन्स क्रीकवरून २३ नंबरची आणि जलद ५२३ ची बस धावते. रहिवासी झाल्यावर १० दिवसांत कॅलिफोर्नियाचं लायसन्स काढायचा नियम आहे, आंतरराष्ट्रीय परवान्यावर राहू नका. चाकं पुरती न थांबवता स्टॉपच्या पाटीवरून पुढे सरकणं हे परीक्षेत नापास होण्याचं नेहमीचं कारण आहे. सायकलीसाठी मॅक्लेलन रोडवर वेगळी मार्गिका आहे, आणि २००९ मध्ये बांधलेल्या मेरी अव्हेन्यूच्या पुलावरून २८० महामार्ग ओलांडून होमस्टेड हायस्कूलकडे जाता येतं.

एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणारा) आलेल्या जोडीदाराने १९६७ साली सुरू झालेलं डी अँझा कॉलेज लक्षात ठेवावं. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे दिले की रहिवाशाची फी लागते, दर युनिटला ३१ डॉलर. आधी प्रवेश घेतला तर फी कितीतरी पट पडते. म्हणून आल्या दिवसापासून भाडेकरार आणि बँक खातं दोघांच्या नावाने ठेवा, लायसन्स दोघांनीही काढा. पुरावा नवऱ्याच्याच नावाने असल्यामुळे कित्येक जणींचं वर्ष फुकट जातं, आणि हे सहज टळण्यासारखं आहे.

आईवडील येणार असतील तर मेमोरियल पार्कच्या शेजारचं सीनियर सेंटर ५० वर्षांपुढच्यांना खुलं आहे. सपाट चालण्यासाठी ब्लॅकबेरी फार्म ते मॅक्लेलन रँच ही ओढ्याकाठची वाट उत्तम. रँचो सॅन अँटोनियो या डोंगराळ उद्यानाची पार्किंग शनिवार-रविवारी सकाळीच भरते. तिथे पॉयझन ओक हे तीन-तीन चकचकीत पानांचं झुडूप वाटेकडेला असतं, त्याला हात लागला तर पुरळ उठतं.

डोंगरामागून सॅन अँड्रियास भ्रंश (जमिनीतली मोठी भेग, जिथे भूकंप होतात) जातो. १७ ऑक्टोबर १९८९ चा ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप याच पट्ट्यातला. गरम पाण्याची टाकी भिंतीला दोन ठिकाणी पट्ट्यांनी बांधलेली आहे ना ते बघा, माणशी रोज एक गॅलन या हिशेबाने किमान तीन दिवसांचं पाणी साठवा, आणि काउंटीच्या अलर्टएससीसी या आपत्कालीन सूचना सेवेवर फोन नोंदवा.

गणपतीची मूर्ती शाडूची आणा आणि विसर्जन घरी बादलीत करा. ओढ्यात किंवा स्टीव्हन्स क्रीकच्या धरणात काहीही टाकायला बंदी आहे, आणि रस्त्याकडेच्या गटारात ओतलेलं पाणीही शुद्ध न होता थेट ओढ्यात जातं. एकत्र उत्सवासाठी महाराष्ट्र मंडळ बे एरियाचे कार्यक्रम पाहा. मुलांसाठी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था) अभ्यासक्रमाची मराठी शाळा शोधा. नावनोंदणी शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला होते, आणि वर्ग पालकांच्या मदतीवर चालतात, तेव्हा नाव घालतानाच आपण कोणतं काम करू शकू तेही कळवा.