सातपुड्यावरचे सप्तर्षी क्रोशाच्या पांघरुणात

यावल, रावेर किंवा चोपडा या भागात मे महिन्यात गच्चीवर खाट टाकून झोपणाऱ्याला उत्तरेचे आकाश वेगळे शोधावे लागत नाही. खाली सातपुड्याची काळसर रेघ असते, तिच्यावर साधारण दोन मुठी उंचीवर ध्रुव असतो आणि त्याच्याही वर, पालथ्या घातलेल्या पळीसारखे, सप्तर्षी असतात. हेच आकाश क्रोशाच्या पांघरुणात कसे उतरवावे, हे या लेखात सविस्तर सांगत आहे. रात्रीच्या आकाशाची पांघरुणे बहुधा निळ्या पार्श्वभूमीवर मनाला येईल तिथे पांढरे ठिपके टाकून केली जातात, आणि ती दिसायला वाईट नसतात. पण टाके मोजण्याचे कष्ट आपण घेणारच आहोत, तर ते आपल्या गावाच्या खऱ्या आकाशासाठी घ्यावेत, असे मला मनापासून वाटते.

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. खानदेश सुमारे २१ अंशांवर आहे, म्हणून आपल्याकडे ध्रुव २१ अंशांवर दिसतो; हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, त्यावरून हे कोणालाही पडताळून पाहता येईल. पांघरुणासाठी मी एक अंश म्हणजे दीड सेंटीमीटर असे प्रमाण धरले आहे. पांघरूण १०० सेंमी रुंद आणि १२५ सेंमी लांब होते, आणि त्यात क्षितिजापासून सप्तर्षींपर्यंतचा सगळा पट्टा नीट मावतो.

धागा मध्यम जाडीचा सुती घ्यावा आणि सुई ४ मिमीची. लोकर अधिक ऊबदार असते हे खरे, परंतु आपल्याकडची कडक थंडी डिसेंबर-जानेवारीपुरती असते आणि सुती पांघरूण उरलेले महिनेही अंगावर घेता येते. पाच रंग लागतील: काळ्या मातीचा गडद तपकिरी, डोंगराचा कोळशासारखा करडा, क्षितिजाजवळच्या आकाशाचा राखाडी निळा, मधला निळा आणि माथ्यावरचा गडद निळा. ताऱ्यांसाठी पांढऱ्याचा एक छोटा गुंडा आणि फिक्या हळदी रंगाचा थोडासा धागा वेगळा ठेवावा. काळा रंग मी मुद्दाम टाळला आहे, कारण क्षितिजाजवळचे आकाश माथ्यावरच्या आकाशापेक्षा नेहमी उजळ दिसते आणि ही उतरंड साधली नाही तर पांघरूण रंगवलेल्या फळ्यासारखे सपाट वाटते.

सुरुवात नमुन्याच्या तुकड्यापासून करावी, आणि हा तुकडा कंटाळा न करता १५ सेंमी लांब-रुंद विणावा, म्हणजे मधला १० सेंमीचा चौरस नीट मोजता येतो. संपूर्ण पांघरूण मुक्या खांबांचे (सिंगल क्रोशे) आहे. माझ्या हाताने १० सेंमीमध्ये १७ टाके आणि २० ओळी बसतात. आपला हात घट्ट असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्यावी, सैल असेल तर लहान. या दोन आकड्यांत मोठी गोम आहे. मुका खांब उंचीपेक्षा रुंदीला थोडा जास्त असतो, म्हणून एक अंश आडवा मोजला तर सुमारे अडीच टाके होतात आणि उभा मोजला तर तीन ओळी. पहिल्या वेळी मी शाळेच्या वहीतल्या चौकटीच्या कागदावर तारे काढले आणि एक चौकट म्हणजे एक टाका असे धरून विणले. सप्तर्षी आडवे ताणले गेले आणि जवळजवळ ९० ओळी मला उसवाव्या लागल्या. म्हणून कागदावर आखायचेच असेल तर चौकटी २० रुंद आणि १७ उंच या प्रमाणात आखाव्यात.

धागा किती लागेल, हेही नमुन्यावरूनच काढावे. मोजलेल्या १० सेंमी चौरसापुरताच दुसरा तुकडा विणून त्याचे वजन करावे. स्वयंपाकघरातला काटा इतके बारीक वजन नीट दाखवत नाही. जळगावकरांना सराफाचा काटा दूर नाही, तिथे विनंती केली तर कोणी नाही म्हणत नाही. पांघरुणात असे १२५ चौरस असतात. तुकडा ६ ग्रॅम भरला तर ७५० ग्रॅम, त्यात टोके, काठ आणि सोबत नेलेला धागा यांसाठी १५ टक्के वाढवून ८६२ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमचे १८ गुंडे होतात. सगळ्यांत जास्त गडद निळा लागतो. एकेका रंगाचे सर्व गुंडे एकाच वेळी आणि एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत रंगवलेले, घ्यावेत. एकदा माझा गडद निळा १९० व्या ओळीला संपला, दुकानात त्याच क्रमांकाचा पण दुसऱ्या लॉटचा गुंडा मिळाला, आणि दिवसा न दिसलेला फरक रात्री दिव्याखाली पट्ट्यासारखा दिसू लागला.

आता प्रत्यक्ष विणकाम. १७१ साखळ्या घालाव्यात. साखळी आवळली तर खालची कड आत ओढली जाते, म्हणून तेवढ्यापुरती ५ मिमीची सुई वापरावी. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घालून १७० टाक्यांची पहिली ओळ पूर्ण करावी. ही सुलट ओळ. पुढे सर्व विषम ओळी सुलट आणि सर्व सम ओळी उलट. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक साखळी घालून वळावे आणि निदान पहिल्या २० ओळींपर्यंत टाके दर ओळीला मोजावेत. पहिल्या ३० ओळी मातीच्या रंगाच्या.

एकतिसाव्या ओळीपासून डोंगराचा करडा रंग सुरू होतो. चाळिसाव्या ओळीवर क्षितिज धरले आहे आणि डोंगराची शिखररेषा ४४ ते ५६ या ओळींमध्ये वरखाली होते. सातपुडा सपाटीवरून पाहिला तर लांबच लांब, संथ दिसतो. त्याला सुळके काढू नयेत. एका ओळीत दोन-चार टाक्यांची पायरी, मग पंधरा-वीस टाके सपाट, अशी चाल ठेवावी. येथे एकाच ओळीत दोन रंग येतात. रंग बदलताना जुन्या रंगाचा शेवटचा मुका खांब अर्धाच करावा, सुईवर दोन वेढे उरले की त्यांतून नवा धागा ओढून तो पूर्ण करावा, म्हणजे पुढच्या टाक्याचा माथा योग्य रंगाचा येतो. टाका पूर्ण करून मग धागा बदलला तर सीमारेषेवर चुकीच्या रंगाचा कण दिसत राहतो. न लागणारा धागा मागच्या ओळीच्या माथ्यावर आडवा ठेवून टाक्यांच्या आत दाबत न्यावा आणि दर वीस टाक्यांनी ओळ हाताने हलकेच ताणावी, नाहीतर तेवढा पट्टा आत ओढला जातो.

आकाशाचे रंग एकमेकांत मिसळण्यासाठी पट्ट्यांची युक्ती पुरेशी आहे. नव्या रंगाच्या २ ओळी, जुन्याच्या ४, नव्याच्या २, जुन्याच्या २, नव्याच्या ४, जुन्याच्या २ आणि त्यानंतर सलग नवा, असे १६ ओळींत संक्रमण होते. सर्व पट्टे सम संख्येचे असल्यामुळे धागा प्रत्येक वेळी त्याच कडेला परत येतो आणि तोडावा लागत नाही. पहिले संक्रमण ९३ व्या ओळीपासून, दुसरे १६१ व्या ओळीपासून सुरू करावे.

तारे ठिपक्यांनी न विणता उठावदार गोळ्यांनी विणावेत. पांढरा धागा १७० टाक्यांच्या आतून वाहत नेला तर गडद निळ्यातून तो झिरपल्यासारखा दिसतो, म्हणून प्रत्येक ताऱ्यासाठी सुमारे ६० सेंमीचा स्वतंत्र तुकडा कापून घ्यावा. ताऱ्याच्या टाक्यात पाच खांब (डबल क्रोशे) शेवटचा वेढा सुईवर ठेवून अर्धवट घालावेत, मग सर्व वेढे एकदम मिटवून लगेच निळ्यावर परतावे. अशी गोळी विणणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला फुगते. म्हणून ती उलट ओळीत, म्हणजे सम ओळीत विणली की सुलट बाजूला आपोआप वर येते.

पुढील आकडे मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दिसणाऱ्या आकाशाचे आहेत. प्रत्येक ताऱ्यासाठी आधी ओळ आणि मग त्या ओळीच्या आरंभापासून कितवा टाका, ते दिले आहे. ध्रुव १०४ व्या ओळीत ८५ वा टाका. क्रतू १८४ मध्ये ६२, पुलह २०० मध्ये ५६, पुलस्त्य २१२ मध्ये ७५, अत्री २०२ मध्ये ८३, अंगिरस २०४ मध्ये ९८, वसिष्ठ २०६ मध्ये ११० आणि मरीची २१८ मध्ये १२४. ध्रुव ज्यात आहे त्या ध्रुवमत्स्य तारकासमूहातले दुसरे दोन ठळक तारे १४२ व्या ओळीत ११० आणि ११८ या टाक्यांवर येतात. शर्मिष्ठा हा उत्तरेचा दुसरा ओळखीचा तारकासमूह त्या वेळी क्षितिजाखाली असतो. जागा रिकामी दिसते म्हणून तो घालू नये.

डावखुऱ्यांनी प्रत्येक टाक्याचा आकडा १७१ मधून वजा करावा, म्हणजे क्रतूसाठी ६२ ऐवजी १०९. डावखुऱ्या हाताने ओळ उलट दिशेने चालते; ही वजाबाकी राहिली तर आरशातले आकाश तयार होते आणि सप्तर्षींची शेपटी पूर्वेऐवजी पश्चिमेला वळते. पडताळा सोपा आहे: पांघरूण उभे धरल्यावर शेपटी उजव्या हाताला असावी, आणि पुलहापासून क्रतूकडे धरलेली दोरी पुढे तेवढ्याच अंतराच्या पाचपट ताणली की ध्रुवाच्या आसपास पोचावी.

ध्रुवाची गोळी इतरांपेक्षा मोठी करण्याचा मोह होतो, तो आवरावा. ध्रुव दुसऱ्या प्रतीचा तारा आहे, म्हणजे सप्तर्षींतल्या बहुतेकांच्या बरोबरीचा. त्याचे महत्त्व त्याच्या स्थिर जागेत आहे. सातांत अत्री मात्र स्पष्टपणे मंद आहे, त्याला पाचऐवजी तीन खांबांची गोळी द्यावी. क्रतू आणि ध्रुवमत्स्यातला १४२ व्या ओळीतला ११० वा तारा हे दोन्ही नारिंगी छटेचे आहेत, त्यांच्यासाठी हळदी धागा ठेवला आहे.

अडीचशे ओळी झाल्यावर चारही बाजूंनी गडद निळ्याचे तीन फेर मुक्या खांबांनी घ्यावेत. उभ्या कडांवर दर सात ओळींत सहाच टाके घालावेत, कारण ओळीला एक टाका घातला तर कड झालरीसारखी लाटते. कोपऱ्यात तीन टाके.

यानंतर दाभणाने अरुंधती काढावी. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातले अंतर आपल्या प्रमाणात जेमतेम अर्धा टाका येते, त्यामुळे ती विणता येत नाही. वसिष्ठाच्या गोळीला लागूनच एकेरी पांढऱ्या पदराची भरतकामातली एक गाठ मारावी. लग्नात ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याची रीत आहे, आणि रुखवतात क्रोशाचे काम मांडण्याचीही. त्यासाठी पांघरूण करणाऱ्यांनी ही गाठ विसरू नये.

पहिली धुलाई करण्यापूर्वी गडद निळ्याचा आणि पांढऱ्याचा एकेक तुकडा एकत्र गुंडाळून कोमट पाण्यात रात्रभर ठेवावा. पांढऱ्यावर डाग आला तर पांघरूण थंड पाण्यातच आणि वेगळे धुवावे. ओले सुती पांघरूण फार जड होते. ते दोरीवर टाकले तर आपल्याच वजनाने लांबते आणि ध्रुवाची मोजून बसवलेली उंची बिघडते. पाणी दाबून काढून, पिळू न देता, ते सुताच्या खाटेवर सावलीत आडवे पसरावे आणि काठ सोडून १०० बाय १२५ सेंमीच्या मापात हाताने बसवावे. खाटेच्या नवारीतून किंवा सुतातून खालूनही वारा लागतो, आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात ते संध्याकाळपर्यंत वाळते.